शार्ल मोशे

शार्ल मोशे (१८८० – १९३४) हे फ्रेंच अभिकल्पक व वाहननिर्माते होते. पाठ टेकवून, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीला (रिकंबंट सायकल) शर्यतीच्या मैदानात प्रथम मोठे यश मिळाले ते त्यांनी बनविलेल्या सायकलीमुळे. या सायकलीवर फ्रान्सिस फोर यांनी १९३३ मध्ये एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा जवळजवळ १९ वर्षे अबाधित राहिलेला विक्रम मोडला. त्यातून सायकल कशाला म्हणावे असा प्रश्न उभा राहिला आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने तिची नवी व्याख्या केली. मोशे यांची सायकल त्या व्याख्येबाहेर पडली.

मोटारगाड्यांकडून पायडलकडे

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये 'सायकलकार' नावाच्या हलक्या, स्वस्त मोटारगाड्यांचा प्रसार झाला. ३५० किलोपेक्षा कमी वजनाच्या अशा गाड्यांना करात सवलत मिळत असे. मोशे या काळात छोट्या गाड्या तयार करीत होते. वजन कमी ठेवण्याची आणि अल्प शक्तीत काम भागविण्याची सवय त्यांना याच व्यवसायात लागली.

त्यांच्या कामाला पुढे जे वळण मिळाले, त्याचे कारण घरगुती होते. मुलगा जॉर्ज याला सायकल हवी होती, परंतु सायकलवरून पडण्याच्या भीतीने आईचा त्याला विरोध होता. तेव्हा मोशे यांनी मुलासाठी पायडलवर चालणारी चारचाकी तयार केली. या गाडीतून जॉर्ज नेहमीच्या सायकलींवरील मुलांना सहज मागे टाकू लागला. हे पाहून मोशे यांनी मोठ्यांसाठी दोन आसनांची चारचाकी बनविली आणि तिला 'व्हेलोकार' हे नाव दिले. शेजारी शेजारी बसलेले दोघे पायडल मारीत, गाडीला गिअर होते आणि सामानासाठी जागाही होती. आर्थिक मंदीच्या काळात मोटार घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांच्यामध्ये ही गाडी लोकप्रिय झाली.

चारचाकीतून दुचाकी

व्हेलोकार सरळ रस्त्यावर वेगाने जाई, परंतु वळणावर तो वेग धोकादायक ठरे. सायकलस्वार वळणावर आतल्या बाजूला कलतो, चारचाकीला तसे कलता येत नाही. मोशे यांनी तीन चाकांचा प्रयोग केला, पण त्यानेही अडचण सुटली नाही. अखेर त्यांनी दोन आसनी गाडी जणू मधोमध दुभागली आणि एका आसनाची दुचाकी तयार केली.

या दुचाकीची चाके साधारण ५० सेंटिमीटर व्यासाची होती आणि दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे १४६ सेंटिमीटर होते. पायडलचा मध्य आसनाच्या पातळीपेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर उंच होता. स्वाराच्या उंचीनुसार आसन पुढेमागे सरकविता येत असे. चाक लहान असले की पायडलच्या एका फेऱ्यात कमी अंतर कापले जाते, म्हणून गिअरचे प्रमाण मोठे ठेवावे लागले.

वेगाचे मुख्य कारण बसण्याच्या पद्धतीत होते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. रेलून बसलेल्या स्वाराचे शरीर हवेला कमी सामोरे येते, त्यामुळे तेवढ्याच शक्तीत वेग अधिक मिळतो. शिवाय पाठीला आधार असल्याने पायडलवर जोर देता येतो आणि मनगटांवर व मानेवर भार पडत नाही.

१९३२ मध्ये मोशे यांनी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला पत्र लिहून ही सायकल शर्यतींच्या नियमांत बसते का, अशी विचारणा केली. हवेचा विरोध कमी करणारे कोणतेही वेगळे आवरण तिला जोडलेले नसल्याने संघटनेने हरकत घेतली नाही.

तासाचा विक्रम

सायकलीसाठी स्वार मिळविणे मात्र सोपे नव्हते. व्यावसायिक सायकलपटू आंरी लमॉइन यांना ती आरामशीर वाटली, तरी ती घेऊन शर्यतीत उतरण्यास ते राजी झाले नाहीत. त्यानंतर मोशे यांनी फ्रान्सिस फोर यांना तयार केले. फोर हे नामांकित सायकलपटू बेन्वा फोर यांचे बंधू. स्वतः फ्रान्सिस पहिल्या फळीतील खेळाडू गणले जात नसत. त्यांना पाठीवर रेलून शर्यतीत उतरलेले पाहून प्रतिस्पर्धी आधी हसले, पण शर्यत संपेपर्यंत त्यांचे हसू मावळले.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमधील एका धावपट्टीवर फोर यांनी एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. याआधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम स्विस सायकलपटू ऑस्कर एग यांनी १९१४ मध्ये केला होता.

सायकलीच्या व्याख्येचा वाद

फोर यांच्या कामगिरीला दोन महिने होण्यापूर्वी, २९ ऑगस्ट १९३३ रोजी, मॉरिस रिशार यांनी बेल्जियममधील सिंट-ट्राउडेन येथे नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटरची नोंद केली. ती एग यांच्याहून सरस, परंतु फोर यांच्याहून २७८ मीटरने कमी होती. विक्रमवीर कोणाला मानायचे, हा निर्णय आता संघटनेला करावा लागणार होता.

वादात दोन्ही बाजूंना मुद्दे होते. दुय्यम फळीतील खेळाडूने नामांकितांना मागे टाकले, म्हणजे ही जीत यंत्राची आहे, स्वाराची नव्हे, असा एक पक्ष होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ही सायकलही केवळ माणसाच्या पायांच्या बळावर चालते, तिला इंजिन नाही, आवरण नाही आणि संघटनेने तिला आधी संमतीही दिलेली आहे. फेब्रुवारी १९३४ मधील अधिवेशनात या प्रश्नावर चर्चा झाली आणि १ एप्रिल १९३४ पासून नवी व्याख्या अमलात आली. जमिनीपासून पायडलच्या मध्याची उंची २४ ते ३० सेंटिमीटरच असावी, सीटचे टोक पायडलच्या मध्याच्या मागे १२ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, अशी मापे तीत ठरविण्यात आली. मोशे यांच्या सायकलला ही मापे पाळणे शक्यच नव्हते. तासाचा अधिकृत विक्रम रिशार यांच्या नावे राहिला आणि फोर यांची नोंद वेगळ्या वर्गात गेली.

त्याच वर्षी मोशे यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

जॉर्ज मोशे यांनी वडिलांचे काम पुढे चालविले. शर्यतींचे दार बंद झाल्यामुळे आता आवरणाची मनाईही लागू नव्हती. त्यांनी सायकलला हवेतून सहज सरकेल असे आवरण चढविले. ५ मार्च १९३९ रोजी व्हँसेन येथे फोर यांनी या सायकलवर एका तासात ५०.५३७ किलोमीटर अंतर कापले. स्वतःच्या बळावर तासाला ५० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे ते पहिले. संघटनेच्या मान्यताप्राप्त विक्रमांत ही मर्यादा ओलांडली गेली ती १९८४ मध्ये, फ्रान्चेस्को मोझेर यांच्याकडून. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई असताना चारचाकी व्हेलोकारला पुन्हा मागणी आली. युद्धानंतर जॉर्ज यांनी छोट्या मोटारगाड्या तयार केल्या.

वारसा

१९३४ च्या निर्णयानंतर रेलून चालवायची सायकल अनेक दशके अडगळीत पडली. शर्यतीत जिला स्थान नाही, तिच्या विकासावर मोठ्या कारखान्यांनी खर्च केला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या खुल्या स्पर्धा सुरू झाल्यावर तिचे पुनरुज्जीवन झाले. पूर्ण आवरण असलेल्या अशा वाहनांनी पुढे एका तासात ९० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर कापले.

शर्यतींबाहेर या सायकलला दूरच्या प्रवासाच्या हौशी सायकलस्वारांनी आश्रय दिला. दिवसच्या दिवस सायकल चालविताना पाठ, मनगटे आणि बैठक यांना मिळणारा आराम हे त्याचे प्रमुख कारण होय. अनेक हौशी कारागीर साध्या सायकलचा मागचा भाग व गिअर कायम ठेवून, पुढचा सांगाडा लांबवून तिचे रूपांतर घरीच करतात. पायांच्या लांबीनुसार आसन व पायडल यांतील अंतर जुळविणे, लहान चाकासाठी गिअरचे प्रमाण बदलणे आणि हँडल स्वाराच्या हाताशी आणणे, हे मोशे यांनी हाताळलेले प्रश्न त्यांनाही सोडवावे लागतात. चढावर सीटवरून उठून जोर देता येत नसल्याने प्रवासी सायकलला हलके गिअरही लावावे लागतात.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतींमध्ये रेलून चालवायच्या सायकलींना आजही प्रवेश नाही.