संत तेरेजाने वडिलांना दिलेली सबब



तसबिरीत संतांच्या डोक्यामागे वलय असते, म्हणून ते जन्मतःच संत होते असे आपण धरून चालतो. आविलाच्या तेरेजाचे चरित्र वाचताना आम्हांला तसे म्हणवत नाही.

स्पेनमधील आविला गावी २८ मार्च १५१५ रोजी तिचा जन्म झाला. विसाव्या वर्षी ती तिथल्या कार्मेल मठात गेली. मठ मोठा. श्रीमंत घरच्या मुलींना तिथे ऐसपैस स्वतंत्र खोल्या असत आणि भेटीच्या दालनात गावातल्या प्रतिष्ठितांची वर्दळ असे. तेरेजा मूळचीच बोलकी, लोकांना हवीहवीशी वाटणारी. सगळे तिला भाविक समजत.

वडिलांना मनन-प्रार्थना तिनेच शिकवली होती. ते त्यात रमले, पुढे गेले. इकडे गुरूनेच प्रार्थना सोडून दिली! वडील विश्वासाने त्याविषयी बोलायला येत, तेव्हा तिने आपण प्रार्थना करीत नसल्याचे सांगितले, पण कारण दिले आजारपणाचे. ती आजारी होती हे खरे. पण कारण ते नव्हते, हे तिला ठाऊक होते. वडिलांनी मुलीवर विश्वास ठेवला. १५४३ साली ते वारले. त्यांना पापनिवेदन देणाऱ्या डोमिनिकन धर्मगुरूंनी मग तिला पुन्हा प्रार्थनेकडे वळवले. तरी पुढे कित्येक वर्षे ओढाताण चाललीच. १५५४ साली घायाळ ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे ती रडत कोसळली, तेव्हा कुठे मन एका बाजूला झाले. हे सारे आत्मचरित्रात तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. आम्ही धर्मगुरू इतरांना प्रार्थना शिकवतो, म्हणून ती पाने आम्हांला जरा जास्तच टोचतात.

त्याच काळात कोर्दोबा इथल्या माग्दालेना नावाच्या मठाध्यक्षा जिवंतपणी संत म्हणून गाजत होत्या. अंगावर ख्रिस्ताच्या जखमा, आणि केवळ ख्रिस्तशरीरावर जगणे! राजघराण्यानेही त्यांना मान दिला. १५४३ साली दुखणे विकोपाला गेल्यावर त्यांनी हे सारे ढोंग असल्याचे कबूल केले आणि १५४६ मध्ये त्यांना शिक्षा झाली. त्यानंतर तेरेजाला दर्शने होऊ लागली, तेव्हा लोकांनी संशय घेतला यात नवल ते काय? तिला स्वतःलाही धास्ती होती. म्हणून ती जाणकार धर्मगुरूंपुढे सगळे मांडत राहिली.

१५६२ साली तिने आविलातच संत योसेफाच्या नावाने लहानसा, गरीब मठ काढला. पुढे असे अनेक मठ उभे राहिले. तिथे कुणी भावसमाधीत गेले, तर ती भारावून जात नसे. एका भगिनीची हकिकत तिने लिहिली आहे. ती आठ-आठ तास तशीच पडून राही आणि भोवतालच्यांना तो दैवी अनुभव वाटे. शेवटी एका जाणत्या व्यक्तीच्या सांगण्यावरून तिचे उपवास कमी केले, तिला पोटभर जेवू घातले, झोपू दिले. समाधी थांबली! उलट, प्रार्थनेत गोडी लागली असताना शेजारची भगिनी आजारी दिसली, तर प्रार्थना तशीच टाकून तिच्याकडे उठून जावे, अशी तेरेजाची शिकवण होती.