आपली लेणी वाचणारा माणूस : पंडित भगवानलाल इंद्रजी

पावसाळा लागला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या तरुणांच्या गाड्या रविवारी पहाटे कर्जतच्या रस्त्याला लागतात. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भातखाचरे, मध्येच दिसणारी उल्हास नदी. पुढे राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी. चैत्यगृहासमोर त्रिशरण-पंचशील होते, फोटो निघतात, संध्याकाळपर्यंत मंडळी घरी परततात. याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न शिल्पाजवळ धम्मलिपीतील एक ओळ कोरलेली आहे. हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले, एवढेच ती ओळ सांगते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराची ती सही आहे. आपल्यापैकी किती जण ती वाचून परत येतात?

पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचण्याचा पाया ज्या थोड्या लोकांनी घातला, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव फार वरचे आहे. सोपाऱ्याचा स्तूप म्हटले की त्यांचे नाव येते. त्यांचे आयुष्य मात्र आपल्या चळवळीतील तरुणांना फारसे ठाऊक नाही.

गिरनारच्या शिळेपाशी सुरुवात

भगवानलाल यांचा जन्म नोव्हेंबर १८३९ मध्ये सौराष्ट्रातील जुनागड येथे एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. जुनागडहून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोठी शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा लेख आहेत. त्याच शिळेवर पुढे रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळातही लेख कोरले गेले. गावातील लोक पिढ्यान् पिढ्या तिच्याजवळून जात, पण अक्षरे कोणाला लागत नसत. जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली ती १८३७ मध्ये, म्हणजे भगवानलाल यांच्या जन्माच्या अवघी दोन वर्षे आधी. प्रिन्सेप यांच्या अक्षरांचा तक्ता या मुलाच्या हाती आला आणि तो शिळेपाशी बसून एकेक अक्षर लावू लागला. कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्या या मुलाचे विद्यापीठ ती शिळाच होती.

त्याची कीर्ती अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्यापर्यंत गेली. त्यांच्या शिफारशीने १८६० नंतरच्या लगतच्या वर्षांत भगवानलाल मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी डॉक्टर होते, समाजसुधारक होते आणि प्राचीन लेखांचे मोठे अभ्यासकही होते. १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत भगवानलाल त्यांच्यासाठी हिंडत राहिले. डोंगर चढायचा, लेख शोधायचा, दगड साफ करायचा, हुबेहूब नक्कल किंवा ठसा घ्यायचा आणि मग वाचायला बसायचे, असे हे काम होते. ते उत्तर भारतात फिरले, ओरिसात गेले, नेपाळपर्यंत पोहोचले. मथुरेत १८६९ मध्ये त्यांना सिंहांचा एक स्तंभशीर्ष मिळाला. त्यावरील खरोष्ठी लेखांत बौद्ध भिक्खूंना दिलेल्या दानाची नोंद आहे. हा स्तंभशीर्ष आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ओरिसातील हाथीगुंफेच्या लेखातील राजाचे नाव खारवेल आहे, हेही प्रथम त्यांनीच वाचले.

इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. ते गुजरातीत लिहीत आणि बुल्हर यांच्यासारखे विद्वान त्याचे इंग्रजी करून देत. तरीही हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. इंग्रजी कच्चे आहे म्हणून अभ्यासापासून दूर राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे तरी जरूर लक्षात ठेवावे.

एका आकड्याने दोनशे वर्षे

भगवानलाल यांच्या कामाचा एक नमुना आपल्या अगदी दारात आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील एक लेख आहे. भाऊ दाजींनी त्याचे साल शके ७८२ असे वाचले होते. भगवानलाल यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि साल शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असे लावले. एका आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. आज सर्वत्र १०६० हेच साल सांगितले जाते.

प्राचीन अंक हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. मुरबाडच्या पुढे नाणेघाटात सातवाहनांचा जो लेख आहे, त्यातील अंक आणि तेथील नष्ट झालेल्या पुतळ्यांवरची नावे यांवरही त्यांनी लिहिले आहे. पण अंबरनाथच्या बाबतीत अंकांच्या ज्ञानापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. भाऊ दाजी त्यांचे गुरू आणि आश्रयदाते होते. तरी दगडावर जे होते तेच त्यांनी मांडले आणि गुरूबद्दलचा आदरही कमी होऊ दिला नाही. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण सभांमध्ये नेहमी सांगतो. हा पंडित बौद्ध नव्हता, पण तपासण्याचे काम त्याने आयुष्यभर केले.

सोनार, लोहार आणि कान्हेरी

१८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासोबत त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही त्यांच्या अभ्यासाची मोठी मदत झाली. अशा वाचनामुळेच कान्हेरीच्या भिंतींवरची माणसे आपल्याला भेटली. त्यांत राजे आणि व्यापारी आहेत, तसे कष्टकरीही आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. कल्याणातील एका विहाराचेही नाव कान्हेरीच्या लेखात येते. ज्या भागात आज कारखाने आणि वर्कशॉप आहेत, त्याच भागातील हात कधीकाळी संघासाठी वाट बांधत होते. दंतकथांनी या जागांना पांडवांची किंवा राक्षसांची घरे ठरवले होते. लेख वाचले गेले तेव्हा खरे मालक आणि खरे दाते पुढे आले.

बुरूड राजाचा कोट

आजच्या नालासोपाऱ्याजवळ एक मोठे टेकाड होते. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. हा स्तूप असावा असे भगवानलाल यांना वाटले आणि एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी गॅझेटियरचे संपादक कॅम्बेल यांच्या साहाय्याने तिथे खोदकाम केले. आत दगडाचा एक गोल करंडक निघाला. त्यात मधोमध तांब्याचा डबा आणि त्याच्या भोवती तांब्याच्या आठ बैठ्या मूर्ती होत्या, सात मानुषी बुद्ध आणि आठवे मैत्रेय. तांब्याच्या डब्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा डबा होता. सोन्याच्या डब्यात मातीच्या भांड्याचे छोटे तुकडे जपून ठेवलेले होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून पुजले गेले असावेत, असे भगवानलाल यांनी मांडले. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. लहानपणी गिरनारच्या शिळेवर वाचलेला लेख त्रेचाळिसाव्या वर्षात कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा हाती आला. या आठव्या लेखाचा विषय आहे यात्रा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौजमजा करत. अशोकाने अभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. श्रमणांना, ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटणे, दान देणे, गावोगावच्या लोकांशी धम्माबद्दल बोलणे, हे त्या यात्रेचे स्वरूप होते.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे भगवानलाल यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षे. त्यांची हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीला मिळाली. त्यानंतर तीन वर्षांनी बाबासाहेबांचा जन्म झाला. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्याला धम्म परत दिला आणि योगायोगाने त्याच वर्षी सोपारा परिसरात अशोकाच्या नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.

पुढच्या रविवारी

लेणी कोणाची, हा वाद आज अनेक ठिकाणी आहे. घोषणा देऊन तो सुटत नाही. भिंतीवर कोणाचे नाव आहे, हे जागेवर उभे राहून वाचून दाखवणारे तरुण गावोगाव हवेत. धम्मलिपी शिकवणारे आणि लेणी स्वच्छ करणारे कार्यकर्ते महाराष्ट्रात आज बरेच आहेत. त्यांच्या वर्गाला महिनाभर बसले तरी मुळाक्षरे येतात.

सहलीला जाताना अक्षरांचा तक्ता, वही आणि एक बॅटरी सोबत घ्या. प्रकाश बाजूने तिरपा टाकला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरू नका, त्याने दगड खराब होतो. ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वहीत नक्कल करायला आणि फोटो घ्यायला वहीपेन्सिल आणि मोबाइल पुरतो. गावातील जाणत्या माणसांशी बोला, लेणीची जुनी नावे विचारून लिहून ठेवा. कोंडाणे, लोनाड, कान्हेरी, सोपारा ही सर्व ठिकाणे आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत.

भजी, धबधबा आणि फोटो यांना कोणाचीच हरकत नाही. पण एका गाडीतील चौघांपैकी एकाने जरी एक लेख वाचून इतर तिघांना समजावला, तरी त्या दिवसाची विहारयात्रा धम्मयात्रा होईल.

नमो बुद्धाय, जय भीम!