विष्णू दिगंबर पलुस्कर : अधू दृष्टीचा मुलगा स्वतःच्या पायावर कसा उभा राहिला?

नाशिकला पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पंडित पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे. शास्त्रीय गाण्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका किंवा विशारद परीक्षेला बसलेल्यांना 'गांधर्व महाविद्यालय' हे नाव तर पाठच असतं. पण ही संस्था उभारणारे पलुस्कर लहानपणापासून अधू दृष्टीने जगले, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दिव्यांग व्यक्तीला स्वतंत्रपणे जगता यावं यासाठी समाजाने कोणता आधार द्यायला हवा, यावर आज कायदा बोलतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा कायदा नव्हता. मग पलुस्करांचं कसं निभावलं?

फटाका उडाला आणि शाळा सुटली

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तेव्हा ते एक छोटं संस्थान होतं. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. त्यामुळे टाळ, मृदंग आणि गाणं घरातच होतं.

दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली. जवळपास तातडीचे उपचार नव्हते. दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तक वाचणं जमेना, म्हणून शाळा सुटली. त्या काळी अशा मुलापुढे फार वाटा नसत. बहुतेकांचं आयुष्य घरच्यांच्या आधाराने जाई.

तीन आधार

विष्णूच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या.

पहिली म्हणजे सल्ला. त्याला उपचारांसाठी मिरजेला नेलं, तेव्हा तिथल्या डॉ. भडभडे यांनी मुलाचा गळा चांगला आहे हे हेरलं आणि त्याला गाणं शिकवा, असं सुचवलं.

दुसरी म्हणजे आश्रय. मिरज संस्थानने या मुलाच्या शिक्षणाला पाठबळ दिलं.

तिसरी म्हणजे गुरू. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेत होते. विष्णू त्यांच्याकडे सुमारे नऊ वर्षं शिकला. ही विद्या कानाने घ्यायची होती, त्यामुळे अधू दृष्टी तिच्या आड आली नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. दिसत नाही म्हणजे गाणं शिकवा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. विष्णूच्या बाबतीत तो लागू पडला, कारण गळा होता आणि घरात गाण्याचं वातावरण होतं. ज्याला गाण्याची आवड नाही, हिशेबाची किंवा यंत्रांची आहे, अशा मुलाला त्या रिवाजाचा काही उपयोग नव्हता.

मिरज सोडली

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. एका समारंभाचं निमंत्रण त्यांना आलं, पण गुरूंना आलं नाही, आणि गवयाला समाजात काय किंमत आहे हे त्यांना कळून चुकलं, असं सांगतात. गाणाऱ्याने दरबाराच्या मर्जीवर जगू नये, हे मनाशी धरून ते बाहेर पडले.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करत ते पंजाबात पोहोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केलं. राजाच्या बिदागीऐवजी श्रोत्यांच्या पैशावर पोट भरायचं, ही तेव्हा नवी गोष्ट होती.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. लोकांच्या वर्गणीवर आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नावर ते चालायचं. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय निघालं.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. यात निवडलेल्या मुलांचं राहणं, जेवण आणि शिक्षण यांचा भार विद्यालय उचलायचं. बदल्यात मुलाने ठरलेली वर्षं मन लावून शिकायचं आणि पुढे स्वतः शिकवायचं. म्हणजे शिक्षण संपता संपता हाती पोटापाण्याचं काम. पलुस्करांना लहानपणी जे नशिबाने मिळालं होतं, त्याची इथे पद्धत झाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे त्यांच्याच शिष्यांपैकी.

विद्यालयाने वाद्यं बनवण्याचा कारखाना आणि छापखानाही काढला. पलुस्करांनी स्वरलिपी तयार केली आणि गाण्याची पुस्तकं छापली. ज्याची शाळा वाचता येत नाही म्हणून सुटली, त्याच माणसाने गाणं कागदावर आणलं. सोबत काम करणारी माणसं असतील, तर अधू दृष्टीचा माणूसही संस्था चालवू शकतो, हे यातून दिसतं.

कर्ज आणि नाशिक

मुंबईत विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली, पण कर्जही वाढलं. पुढे ती इमारत लिलावात गेली. शेवटच्या पर्वात पलुस्करांचं मन रामभक्तीकडे वळलं. त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम काढला. तिथे गाणं आणि तुलसी रामायण दोन्ही चालायचं. त्यांचे पुत्र, पुढे गायक म्हणून गाजलेले द. वि. पलुस्कर, यांचा जन्म १९२१ चा.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजींचं निधन झालं. इमारत गेली होती, पण उपदेशक वर्गातली माणसं होती. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. परीक्षांचं जाळं त्यातूनच पसरलं.

आज काय बदललं?

सल्ला, पैशाचं पाठबळ आणि शिकण्या-राहण्याची सोय. यातली एकही गोष्ट मिळाली नसती, तर पलुस्कर हे नाव कुणाला कळलं नसतं. आणि तिन्ही गोष्टी कुणाच्या तरी मर्जीवर होत्या.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. पूर्ण अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन्हींचा त्यात समावेश आहे. कलम ५ नुसार प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. घरी येऊन मदत करणारा सहायक किंवा वस्तीतल्या इतर आधारसेवा तिला मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे.

कागदावर हा हक्क आला, पण घरोघरी सेवा पोहोचणं अजून बाकी आहे. आजही अनेक घरांत हा सगळा भार आईवर किंवा बहिणीवर असतो, आणि आमच्यामागे याचं कसं, हा प्रश्न आईवडिलांची झोप उडवतो. पलुस्करांना चांगला डॉक्टर आणि चांगला गुरू भेटला. पुढच्या विष्णूला ते भेटतील की नाही, हे नशिबावर सोडू नये, एवढ्यासाठीच हा कायदा आहे.