माणसांचा अभ्यास करणाऱ्या इरावतीबाई कर्वे



दरवर्षी एस.एस.एल.सी.चा निकाल लागला की आमच्याकडे तेच तेच प्रश्न येतात. आय.टी.आय. बरे की पी.यू.सी.? नर्सिंगला पाठवावे का? दांडेलीत काही जमेल की गोव्यालाच जावे? या वर्षी मात्र एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. मानवी परिस्थितिकी नावाचा विषय असतो असे तिने कुठेसे वाचले होते. तो शिकून नोकरी मिळते का, असे तिने विचारले, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी कोणालाच चटकन उत्तर देता आले नाही. मग आम्ही थोडी शोधाशोध केली. ती करताना एका मोठ्या बाईंचे चरित्र पुन्हा वाचण्यात आले. आधी ते सांगतो, नोकरीचे नंतर.

माणूस ज्या डोंगरात, रानात, नदीकाठी राहतो त्या जागेने त्याचे जगणे कसे घडते, आणि त्याच्या राहण्याने ती जागा कशी बदलते, याचा अभ्यास म्हणजे मानवी परिस्थितिकी. इरावतीबाई कर्वे यांच्या काळात हा शब्द आपल्याकडे रुळला नव्हता. त्यांना लोक मानववंशशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखत. पण हे काम पुढे ज्यांनी केले त्यांच्यातल्या काहींना वाट इरावतीबाईंनीच दाखवली होती.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिकण्यासाठी पुण्याला हुजूरपागा शाळेत धाडले. एवढ्या लांबून, एवढ्या लहान वयात! पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी तिला घरच्या मुलीसारखे ठेवून घेण्यात आले. रँग्लर तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते आणि घरात पुस्तकांना तोटा नव्हता. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन इरावती पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये एम.ए. झाल्या.

दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. बायकोने जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी असे त्यांनी ठरवले, पण महर्षींना ते पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या माणसाला सुनेचे परदेशी जाणे मान्य होऊ नये, याचे आम्हांला वाचताना नवल वाटले. पण मोठी माणसेही आपल्या काळाचीच असतात. इरावतीबाई गेल्याच.

बर्लिनमधल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. माणसांच्या वंशांत उच्चनीच असते असे मानणारे हे गृहस्थ. पुढे हिटलरच्या राजवटीने ज्या वंशवादाच्या नावाखाली अत्याचार केले, त्याला अशाच विद्वानांनी शास्त्राचा मुलामा दिला. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात असते आणि त्यातून त्याची बुद्धी दिसते, अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंना काम दिले ते ही अटकळ तपासण्याचे. त्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या दीडशेच्या आसपास कवट्या एकेक करून मोजल्या. आकडे मांडल्यावर दिसले की कवटीचा असा असमतोल सगळ्याच माणसांत सापडतो, वंशाशी त्याचा संबंध नाही. विशीतली, परक्या देशातली, मार्गदर्शकाच्या शेऱ्यावरच पदवी अवलंबून असलेली मुलगी. मार्गदर्शकाला हवे होते त्याच्या उलट निघालेले उत्तर तिने जसेच्या तसे प्रबंधात लिहिले. पदवी मिळाली, आणि १९३० मध्ये त्या परतल्या. आमच्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी परीक्षा होती.

मुंबईला त्यांनी काही वर्षे महर्षींनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. ते कचेरीचे काम त्यांच्या पिंडाचे नव्हते. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा त्या तिथे समाजशास्त्र शिकवायला गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. १९४७ च्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. पुण्यात स्कूटरवरून फिरणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचे नाव घेतात. नऊवारी नेसणाऱ्या पुण्यात हे दृश्य कसे दिसले असेल, कल्पना करा.

पण त्यांची खरी प्रयोगशाळा होती उघड्यावर. गाडी मिळेल तिथवर गाडीने, पुढे पायी. मुक्काम मिळेल तिथे. सोबत मोजमापाची साधने आणि विद्यार्थी. माणसांची उंची, डोक्याची रुंदी, रक्तगट यांच्या नोंदी त्या घेत आणि त्याबरोबर घराघरांत बसून नातीगोती विचारत. दिनकरराव घर सांभाळत, म्हणून त्या महिनोन् महिने फिरू शकल्या, हेही इथे नोंदवले पाहिजे.

त्यातून १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्यांनी देशाचे चार विभाग पाडले. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, काही समाजांत तर सख्खी भाचीही चालते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे : पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही. हे वाचताना आम्हांला आपला जोयडा तालुका आठवला. इथे एकाच वाडीवर मराठी, कोंकणी आणि कानडी घरे असतात. कोणाकडे कोणती सोयरीक चालते यावर लग्नसराईत केवढी चर्चा होते! आपण ज्याला ओसरीवरच्या गप्पा म्हणतो, त्याच नीट लिहून, ताडून पाहिल्या की शास्त्र होते. इरावतीबाईंनी तेच केले.

जातींबद्दलही त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या असे आपण समजतो. त्यांचे म्हणणे होते की पुष्कळदा उलट घडले असावे. वेगवेगळे गट मुळातच वेगळे होते आणि सारख्या धंद्यामुळे त्यांना एक नाव मिळाले. सहकारी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी यासाठी प्रत्यक्ष मोजमापांचा आधार घेतला.

पंढरीच्या वारीतही त्या चालल्या. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणाऱ्या बायकांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते आडपडदा न ठेवता लिहिले. वारीवरचे त्यांचे प्रेम त्याने कमी झाले नाही. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही, कारण ते पुस्तक पुष्कळांना माहीत आहे.

ज्याची फार कमी चर्चा होते असे एक काम आपल्यासाठी अधिक जवळचे आहे. सातारा जिल्ह्यात कोयना धरण झाले आणि सुमारे शंभर गावांतली माणसे उठली. काहींना वर डोंगरात सरकावे लागले, काहींना सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात नेऊन बसवले. वीज मुंबईला गेली, कारखाने चालले. ही माणसे पुढे कशी जगली हे कोणी पाहायचे? इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी ही पाहणी केली. जमीन किती मिळाली, कशी मिळाली, भरपाईचे पैसे कुठे गेले, भाऊबंद एकत्र राहिले की पांगले, अशी चौकशी घरोघर झाली. १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने तो अहवाल छापला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, त्या गेल्या. आठवड्याच्या बाजारांवरचे त्यांचे एक पुस्तकही त्याच वर्षीचे.

आता जुने सुपे आठवा. आपल्या तालुक्याचे नावच सुपे होते. ऐंशीच्या दशकात काळी नदीवर धरण पूर्ण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. कितीतरी कुटुंबे रामनगरला आली. या अंकाच्या वाचकांत त्यांची नातवंडे आहेत. कोयनेच्या माणसांना विचारले गेले तसे आपल्या आजी-आजोबांना किती जणांनी बसून विचारले? घरातल्या माणसांनी तरी विचारले का?

इरावतीबाईंनंतर हे काम थांबले नाही. त्यांच्या शेजारच्या घरातला एक मुलगा त्यांच्या बोलण्याने भारावून कोडगूपर्यंत त्यांच्याबरोबर गेला होता. ते म्हणजे माधव गाडगीळ. त्यांनी आणि मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचा अभ्यास केला, तो १९८२ साली मानवी परिस्थितिकी याच नावाच्या परदेशी नियतकालिकात आला. गवळी वरच्या पठारावर म्हशी राखणार, कुणबी खालच्या खोऱ्यात भात पिकवणार. कुणबी शिकार करणार, गवळी फारशी करणार नाही. एकाच डोंगरावर राहून दोघे एकमेकांच्या ताटातले घेत नसत, असे त्यांना दिसले. आपल्याकडचे गवळीवाडे आणि कुणबीवाडे पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल एवढेच की हे कोणीतरी मोजून लिहिले.

आणखी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. सत्तरच्या दशकात बांबू का संपत चालला हे पाहायला गाडगीळ इथे आले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. तोडणी सोपी व्हावी म्हणून ती साफ केली जात असे. गावकरी सांगत की काटे काढले की नवे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतात. मोजणी केल्यावर गावकऱ्यांचेच खरे निघाले. पुढे १९८३ मध्ये बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिस्थितिकीचे केंद्र उभारले आणि त्याचे एक ठाणे आपल्या कुमट्याला झाले.

तर आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बाकी विषयांइतक्या नोकऱ्या यात नाहीत, हे आधीच सांगतो. पुष्कळ कामे प्रकल्पापुरती, सहा महिने किंवा वर्षभराची असतात, आणि पगार सुरुवातीला बेताचाच. पण कामे आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बहुतेक मोठ्या प्रकल्पांआधी सामाजिक परिणामांची पाहणी करणे आवश्यक केले. ती करणाऱ्या संस्थांना गावात जाऊन बोलणारी माणसे लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे तयार करताना नकाशे, नोंदी, वृद्धांच्या साक्षी लागतात. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून आपल्या तालुक्यातला कुणबी समाज अनेक वर्षे मागणी करत आला आहे. जिल्ह्यातल्या सिद्दींना आणि गोव्यातल्या कुणब्यांना तो दर्जा २००३ मध्ये मिळाला. अशा प्रत्येक मागणीच्या मागे कोणीतरी लिहिलेला मानववंशशास्त्रीय अहवाल असतो. तो लिहिणारा बहुधा बाहेरून येतो, दुभाषा घेऊन. आपल्या मुलांना कोंकणी, मराठी, कानडी तिन्ही येतात. त्यांना दुभाष्याची गरज पडणार नाही.

शिक्षणासाठी सर्वांत जवळचे म्हणजे धारवाड. कर्नाटक विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. पुणे विद्यापीठातही आहे. रानाकडे ओढा असेल तर शिरसीचे वनविद्या महाविद्यालय, त्यासाठी पी.यू.सी.ला विज्ञान हवे. पूर्वी गृहविज्ञान म्हणत त्या शाखेलाही काही ठिकाणी मानवी परिस्थितिकी असे नाव आहे. तिथे आहार, बालविकास, कुटुंब हे विषय असतात, तेव्हा नाव पाहून गोंधळू नका, माहितीपत्रक वाचा. सरकारी नोकरीत भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था आहे, मुख्य कचेरी कोलकात्याला, दक्षिणेचे केंद्र म्हैसूरला. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही मानवशास्त्र हा विषय घेता येतो.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला आम्ही सुट्टीसाठी एक काम दिले आहे. तिची आजी जुन्या सुप्याची. त्या गावातली घरे, विहिरी, देवळे, कोणाचे शेत कुठे होते, हे आजीला विचारून एका मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. पहिल्या दिवशी पाच घरे आठवली, आठवड्याने तेवीस झाली, आणि आता शेजारच्या दोन आज्याही येऊन बसतात व एका विहिरीवरून त्यांचे भांडण चालू आहे. नकाशा पुरा झाला की शाळेच्या व्हरांड्यात लावू. ज्यांच्या घरी जुन्या सुप्याचे माणूस आहे त्यांनी येऊन चुका दाखवाव्यात.