गोखल्यांची एक मैलावरची शाळा

गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आपण शाळेत इतक्या लवकर पाठ करतो की, पुढे त्यांच्याविषयी आणखी काही जाणून घ्यावे असे वाटतच नाही. नेमस्तांचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक, गांधीजींचे राजकीय गुरू. एवढे लिहिले की परीक्षेतले गुण पदरात पडतात. माझेही पुष्कळ वर्षे असेच चालले होते. पुढे त्यांचे चरित्र वाचीत असता, ज्या एका विधेयकात त्यांचा पराभव झाला त्यापाशी मी थबकलो. त्याचे कारण माझ्या गावात आहे.

माझे गाव मोहगाव, सौसर तालुक्यातले. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी आमची रीत. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेले हे मासिक हातात घेतले की, मला म्हणूनच परके वाटत नाही.

त्या परिसरातील ज्या शाळेत मी शिकलो तिचे नाव येथे सांगत नाही. खोल्या दोन आणि वर्ग पाच. पहिली-दुसरी ओसरीवर, तिसरी कडुनिंबाखाली. पाऊस आला की तिसरीचा वर्ग चौथीच्या खोलीत शिरे आणि मग कोण काय शिकते आहे हे गुरुजींनाही उमगत नसे. एका वर्षी गर्दी इतकी झाली की, नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुले आपल्या हद्दीतली नाहीत असे सांगून त्यांची नावे घालण्यास नकार मिळाला. त्यांच्या बाजूला दुसरी शाळा होती, पण ती बरीच दूर. त्या मुलांत माझा एक सोबती होता. तो परत गेला तो पुन्हा शाळेत आलाच नाही. मला मात्र ओसरीवर मांडी घालून बसण्यापुरती जागा मिळाली आणि मी खूश झालो. आज त्या खुशीची लाज वाटते.

गोखल्यांचे बालपण आपल्या सीमाभागाच्या अगदी जवळचे आहे. जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. परंतु वडील कागलला नोकरीस असल्याने प्राथमिक शिक्षण कागललाच झाले. पुढे कोल्हापूर. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. एका घरात दोन मुले हुशार असली तरी शाळेतली जागा एकालाच मिळते, हा धडा गोखल्यांनी असा घरीच घेतला. गोविंदरावांचे हे ऋण ते जन्मभर विसरले नाहीत.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वकिली किंवा सरकारी नोकरी करून संसार सुखाचा करणे अवघड नव्हते. त्याऐवजी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणितावरचे त्यांचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्टीत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांनी केले. एका खोलीला किती पैसा लागतो आणि तो मागताना काय काय ऐकून घ्यावे लागते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. मिठावरील कर कमी करा, शिल्लक पैसा शिक्षणावर खर्च करा, असे ते दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी आकडे पुढे ठेवून सांगत. १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला आणि एक वर्ष वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी थेट विधेयकच मांडले.

या विधेयकात क्रांतिकारक असे फारसे काही नव्हते. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने इच्छा असल्यास सक्ती लागू करावी. सक्ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना. मुलींचा विचार पुढे. ज्याचे मासिक उत्पन्न १० रुपयांहून कमी त्याच्या मुलाला फी माफ. आणि एक कलम असे की, घरापासून एक मैलाच्या आत शाळा नसेल तर पालकाला दोष देता येणार नाही. हे कलम वाचताना मला नाल्यापलीकडची वस्ती आठवली. बहुतेक शाळांची हद्द मूल बाहेर ठेवण्याच्या कामी येते. गोखल्यांच्या कागदावर मात्र तो मैल सरकारच्या गळ्यात पडत होता: मूल शाळेत यावे असे वाटत असेल तर शाळा त्याच्या जवळ न्या.

त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या १.९ टक्के मुले प्राथमिक शाळांत होती. शेजारच्या बडोदे संस्थानात हाच आकडा ८.६ होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्ती सुरू केली होती, हा पुरावा गोखले पुनःपुन्हा दाखवीत.

मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. पैसा नाही, शिक्षक तयार नाहीत, इमारती नाहीत, अशाने शाळांचा दर्जा घसरेल, असे आक्षेप आले. इमारतीसाठी दारोदार हिंडलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते काय? तरीही त्यांचे म्हणणे असे होते की, आधी निरक्षरता घालवावी, दर्जाचा प्रश्न त्यानंतरचा. चांगल्या शाळेची वाट पाहत एक पिढी बाहेर ठेवता येणार नाही. १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. १९१३ च्या फेब्रुवारीत सरकारने आपले धोरण जाहीर केले. सक्ती नाकारली, मात्र एका शिक्षकाकडे ५० हून अधिक मुले नसावीत, शक्यतो ३० ते ४० असावीत, अशी सूचना केली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले गेले.

त्यांच्यामागे काम थांबले नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण सुरू केले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा झाला. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या केंद्रीय नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे, आणि ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण आहे. गोखल्यांचा मैल आखूड झाला, पण त्याला शंभर वर्षे लागली.

आज शहरांतून मुलाला प्रवेश मिळावा म्हणून पालक पहाटेपासून रांगेत उभे राहतात, आणि वर्गात दाटी झाली की आपल्यापैकी अनेकांना नाल्यापलीकडची मुले नकोशी होतात. दर्जा राखायला हवा, हे म्हणणे खोटे नाही. तिसरीचा वर्ग चौथीत शिरला की काय होते हे मी भोगले आहे. येथे गोखल्यांचा मार्ग मला पूर्ण पुरेसा वाटत नाही. शिक्षक आणि खोल्या मागाहून येतील म्हणता म्हणता त्या कित्येक गावी आल्याच नाहीत. परंतु दाटी कमी करण्याचे दोन उपाय आहेत, खोली वाढविणे किंवा मूल वगळणे. पहिल्याला पैसा लागतो. दुसरा फुकट असतो, म्हणून तो आधी सुचतो. त्याची किंमत आत बसलेल्याला द्यावी लागत नाही, एवढेच.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक व्हाल, काहीजण नगरपालिकेत बसाल. हद्दीचा नकाशा तुमच्या टेबलावर येईल. त्या वेळी मैल कोणत्या टोकापासून मोजायचा, शाळेपासून की मुलाच्या घरापासून, एवढे ध्यानात ठेवा. गोखल्यांनी तो घरापासून मोजला होता.