कै. डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांचे बाळ आणि एका जन्माचा संकल्प

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या कर्तृत्ववान स्त्रीपुरुषांची चरित्रे स्मरणिकेच्या द्वारा नव्या पिढीपुढे ठेवावीत, हा परिपाठ उचितच आहे. परंतु अशी चरित्रे सांगताना आपण बहुधा यशाचा भाग तेवढा सांगतो, आणि त्या व्यक्तीच्या वाटेवर आपल्याच समाजाने जे काटे पसरले होते त्यांचा उल्लेख टाळतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत तसे करणे सत्यास धरून होणार नाही. आज त्यांचे नाव घेताना आपला ऊर अभिमानाने भरून येतो. पण त्या परदेशी निघाल्या तेव्हा ज्ञातीने त्यांना काय दिले, हेही सांगितल्यावाचून त्यांच्या धैर्याचे मोल कळणार नाही.

आनंदीबाईंचा जन्म दि. ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, वडिलांचे नाव गणपतराव जोशी आणि माहेरचे नाव यमुना. तत्कालीन रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, त्यांचा विवाह टपालखात्यात नोकरी करणारे बिजवर गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने हट्टी, प्रसंगी कठोरही. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी लोकनिंदेची त्यांनी पर्वा केली नाही. त्यांचा आग्रह कित्येकदा जाचाच्या सीमेवर जात असे, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही. तथापि पुढे शिक्षणाची जी ओढ आनंदीबाईंच्या ठायी दिसते ती केवळ पतीच्या आज्ञेतून आलेली नव्हती. तिचे मूळ एका मातेच्या दुःखात होते.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत त्या बाळाला मिळू शकली नाही. त्या काळी प्रत्येक घरात अशी एकदोन बाळे जात. बाळंतिणीची खोली अंधारी, हवा कोंडलेली, सुईण अशिक्षित. पुरुष डॉक्टर गावात असलाच तरी त्याच्यासमोर बाळंतिणीने जाणे लज्जास्पद मानले जाई. जे झाले ते प्रारब्ध म्हणून पदर डोळ्यांना लावावा आणि पुन्हा चुलीपुढे बसावे, एवढेच स्त्रीच्या हाती असे. आनंदीबाईंनी मात्र या मृत्यूला प्रारब्ध मानले नाही. शिकलेले स्त्रीवैद्य जवळ असते तर काही उपाय झाला असता, हा विचार त्यांच्या मनात रुजला आणि आपणच वैद्यक शिकावे, असा निश्चय त्यांनी केला.

या निश्चयाला वाट फुटली ती आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून, हे जत व सांगलीकडील वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असता तेथील अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा परिचय झाला. पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी लिहिलेले पत्र, पूर्वी कोल्हापुरात मिशनकार्य केलेल्या रेव्हरंड वाइल्डर यांच्या हाती गेले. धर्मांतर केल्यास साहाय्य करू, अशा आशयाचे उत्तर आले. ते उभयतांना मान्य होण्यासारखे नव्हते. परंतु हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे वाट पाहात बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. पुढे दोघींचा स्नेह असा जडला की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कोल्हापुरातून निघालेले एक पत्र, अमेरिकेतील एका अनोळखी गृहिणीचे वत्सल मन आणि एका मराठी मुलीचा निर्धार, यांच्या योगाने हा दुर्घट मार्ग मोकळा झाला.

मार्ग मोकळा झाला तो सातासमुद्रांपलीकडचा. आपल्या दारातील वाट मात्र बंदच होती. समुद्रपर्यटन निषिद्ध, आणि एकट्या स्त्रीने परदेशी जाणे तर अश्रुतपूर्व! मुंबईस त्या पतीबरोबर रस्त्याने चालत वा शाळेस जात, तेव्हाही लोक टक लावून पाहात व थट्टा करीत. अमेरिकेस जाण्याचा बेत प्रकट होताच बहिष्काराची भाषा सुरू झाली. एकीकडे स्वकीय धर्म बुडाला म्हणून ओरडत होते, तर दुसरीकडे काही परकीय धर्म सोडल्यासच मदत करावयास तयार होते. अशा दुहेरी पेचात सापडलेल्या, अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून आपली बाजू मांडली. हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची केवढी निकड आहे हे तिने सांगितले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे निक्षून सांगितले, आणि परत आल्यावर स्त्रियांना वैद्यक शिकविणारे विद्यालय काढण्याचा मनोदयही प्रकट केला.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. स्वतः डॉक्टर होऊन चार रोगी बरे करावेत, एवढीच त्यांची आकांक्षा नव्हती. एक डॉक्टर किती घरी जाणार? पण एकीने दहाजणींना शिकविले तर दहा गावांतील बाळंतिणींना व बाळांना आधार मिळेल. रोग्यावर उपचार करणे आणि उपचार करणारे हात घडविणे यांतील दुसरे काम अधिक दूरगामी आहे, हे त्या मुलीने त्या वयात ओळखले होते.

दि. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांनी प्रस्थान ठेवले. पती बरोबर नव्हते. सोबतीला मिशनरी बाया होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्यावर काही महिने त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. नंतर फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होय. प्रमुख डॉ. रेचेल बॉडले यांनी या परदेशी विद्यार्थिनीवर मायेची पाखर घातली. तेथील विद्यार्थिनींत जपानच्या केई ओकामी होत्या, सीरियाच्या सबात इस्लामबुली होत्या. आपापल्या देशाच्या पोशाखातील या तिघींचे १८८५ मधील छायाचित्र आजही उपलब्ध आहे. तीन देश, तीन धर्म, तीन भाषा. पण अडचण सर्वत्र एकच होती. मातेचा व बालकाचा जीव वाचविण्याची विद्या ज्या घरांना सर्वांत अधिक हवी, तेथेच ती पोहोचत नव्हती.

फिलाडेल्फियाची कडक थंडी आनंदीबाईंच्या प्रकृतीस मानवली नाही. शाकाहार व लुगडे त्यांनी सोडले नाही. स्वदेशी दिलेला शब्द पाळताना शरीराची हेळसांड झाली आणि क्षयाने हळूहळू घर केले. तरीही अभ्यासात खंड पडू दिला नाही. पदवीसाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांतील ज्ञान त्यांनी अर्वाचीन विद्येबरोबर मांडले. दि. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या सोहळ्यास नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही उपस्थित होते. राणी व्हिक्टोरियापर्यंत ही वार्ता पोहोचली व तिकडून कौतुकाचा संदेश आला.

आणि येथे कोल्हापूर पुन्हा या चरित्रात येते. जेथून पहिले पत्र गेले त्याच संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक केली. ती स्वीकारून त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. ज्यांनी जाताना नावे ठेवली त्यांतीलच कित्येक आता दर्शनास येऊ लागले. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. पुण्यास उपचार झाले, पण गुण आला नाही. दि. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांची प्राणज्योत मालवली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील आसन रिकामेच राहिले. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती पुरण्यात आली.

स्वदेशात एकाही बालकावर उपचार करण्यापूर्वी ज्यांचे आयुष्य संपले त्यांचे चरित्र आपण का गावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील इतिहासाने दिले आहे. एक मराठी मुलगी हे करू शकते असे सिद्ध झाल्यावर दुसरीची वाट सोपी झाली. डॉ. रखमाबाई विलायतेत शिकून १८९४ साली पदवीधर झाल्या व सुरतेस दीर्घकाळ स्त्रियांची सेवा करीत राहिल्या. आपल्या भागात १८९४ साली मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले व तेथे वैद्यकाचे शिक्षणही सुरू झाले. मुंबईत परळ येथे १९२९ साली बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने केवळ मुलांसाठी रुग्णालय निघाले. १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आणि कोल्हापूरचे ते आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने प्रसिद्धीस आले व राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयास जोडले गेले. आनंदीबाईंना जेथे काम करता आले नाही तेथे मुलेमुली खांद्याला खांदा लावून डॉक्टर होण्याचे शिक्षण घेऊ लागली. त्यांचा मनोरथ याहून समर्पक रीतीने कसा पुरा व्हावा?

दहा दिवसांच्या त्या बाळाला नेमके काय झाले होते ते आज सांगता येणार नाही. परंतु नवजात बालके कशाने दगावतात हे वैद्यकाने आता निश्चित केले आहे. जन्मताच श्वास न घेणे, अंग थंड पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जंतुसंसर्ग ही त्यांतील प्रमुख कारणे होत. जगात पाच वर्षांच्या आत मृत्यू पावणाऱ्या बालकांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्या महिन्यातच जातात. श्वास न घेणाऱ्या बाळाच्या बाबतीत जन्मानंतरचे पहिले मिनिटच निर्णायक असते. बाळाला कोरडे करून ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा करणे आणि जरूर तर तोंडावर मुखवटा ठेवून पिशवीने हवा देणे, एवढ्या क्रिया त्या मिनिटात कराव्या लागतात. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत; सराव झालेला हात जागेवर हजर असावा लागतो. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना डॉक्टरांना व परिचारिकांना याचे शिक्षण बाहुल्यांवर देते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांनाच नवजात बालकांची शुश्रूषा शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. शिकविणारी एक आणि शिकणाऱ्या अनेक, हा आनंदीबाईंचाच विचार नव्हे काय?

आपला जत तालुका अवर्षणाचा व दूरदूरच्या वाड्यावस्त्यांचा. उमदी, संखकडील बाळंतिणीला सांगली-मिरज गाठावयाची म्हणजे आजही काही तासांचा प्रवास. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, ही सोय मोठीच. पण पहिले मिनिट रुग्णवाहिकेची वाट पाहात नाही. ते मिनिट सांभाळणारी मुलगी गावातच हवी.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या घराघरांतून मुली आता डॉक्टर व परिचारिका होत आहेत आणि त्यांना बहिष्काराचे भय उरलेले नाही. परंतु शिकलेल्या मुलीने शहरातच राहावे, जतेस परत येऊन काय करावयाचे, असे आपणच तिला सांगत असू, तर तोही एक प्रकारचा बहिष्कारच होय; फरक एवढाच की तो आपण आपल्या गावावर घालीत आहोत. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी एका तरी मुलीच्या वैद्यकीय वा परिचर्येच्या शिक्षणास हातभार लावावा, आणि ती परत आली तर तिला मानाने उभे करावे. आनंदीबाईंना त्यांच्या समाजाने जाताना जे दिले नाही ते आपण तिला द्यावे. बाळाचा जीव वाचला की नाव कोणाचे झाले, हे बाळाची आई विचारीत नाही. पण त्या आईच्या मुखावरील समाधान हेच या थोर स्त्रीचे खरे स्मारक ठरेल.