पर्सी ब्रिजमन : न गळणारं सील आणि दाबाखाली बदलणारा धातू

नाशिकला सातपूर एमआयडीसीत माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. तिथल्या हायड्रॉलिक प्रेसचं प्रेशर वाढवलं, की सीलमधून तेल गळतं. मी कोड लिहिणारा माणूस, पण परवा ती गळती बघताना मला पर्सी ब्रिजमन आठवले. त्यांची गोष्ट इथूनच सुरू होते.

ब्रिजमन यांचा जन्म १८८२ चा, अमेरिकेतल्या केंब्रिजचा. १९०० मध्ये ते हार्वर्डला शिकायला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच रमले. तेव्हा प्रेशर काही हजार ॲटमॉस्फिअरच्या पुढे नेलं, की उपकरणं गळायची. ब्रिजमन यांनी पॅकिंगच्या मागचा थोडा भाग आधाराशिवाय मोकळा सोडला. त्यामुळे पॅकिंगमधला दाब आतल्या द्रवापेक्षा कायम जास्त राहायचा. म्हणजे प्रेशर जितकं वाढवाल, तितकं सील आणखी घट्ट! आता अडचण उरली ती फक्त पोलादाच्या ताकदीची. पुढे ते १ लाख ॲटमॉस्फिअरपर्यंत पोहोचले. समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशीही हा आकडा हजार-अकराशेच असतो.

मग त्यांनी दिसेल ते दाबून पाहिलं. १९१४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसचा काळा फॉस्फरस झाला. १९२० च्या दशकात पाळी आली सिरियमची. हा रेअर अर्थ धातू. तुमच्या फोनच्या काचेला पॉलिश करायला याचंच ऑक्साइड वापरतात. सात-आठ हजार ॲटमॉस्फिअरला सिरियमचं आकारमान एकदम साधारण १५ टक्क्यांनी घटलं.

असं का झालं? १९४९ मध्ये एक्स-रेने पाहिलं, तर अणूंची मांडणी तीच होती, फक्त अणू जवळ आले होते. म्हणजे बदल अणूच्या आत होता. सिरियमचा एक इलेक्ट्रॉन आतल्या 'फोर-एफ' कक्षेत घर करून बसलेला असतो. दाबाखाली तो बाहेरच्या इलेक्ट्रॉन्समध्ये मिसळू लागतो. अणू बाँडसाठी किती इलेक्ट्रॉन देतो, ती त्याची व्हॅलन्स. सिरियममध्ये ती नेमकी किती बदलते, यावर पुढे बराच वाद झाला.

ब्रिजमन यांना १९४६ मध्ये नोबेल मिळालं, १९६१ मध्ये ते गेले. पुढचा भारी प्रयोग त्यांना बघता आला नाही. १९७० मध्ये बेल लॅब्समध्ये अय्यासामी जयरामन आणि सहकाऱ्यांनी समॅरियम सल्फाइड दाबलं. साधारण साडेसहा हजार ॲटमॉस्फिअरला काळा स्फटिक सोनेरी झाला! समॅरियमची व्हॅलन्स दोनकडून तीनकडे सरकली, पण मध्येच थांबली. अशा 'अधल्यामधल्या' व्हॅलन्सवर पुढे आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्येही खूप काम झालं, युरोपियम आणि यटर्बियमच्या संयुगांवर.

मला आवडतं ते हे, की ब्रिजमन उत्तर शोधायला निघाले नव्हते. त्यांनी आधी गळती थांबवली, म्हणून तो १५ टक्क्यांचा आकडा खरा मानता आला. मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पाना माझ्या हातात दिला.